जेद्दाचा विमानतळ: तारीख पुढे ढकलता येत नाही तेव्हा

खालांच्या मनगटावर त्या दिवशी बांगड्यांच्या पुढे एक स्टीलचं कडं होतं. हज कमिटीकडून मिळालेलं, ओळखीचा तपशील कोरलेलं. परत येईपर्यंत ते काढायचं नाही, असं त्यांना चार वेळा सांगून झालं होतं आणि त्या स्वतःच ते पुन्हा पुन्हा चाचपून पाहत होत्या. खाला आमच्या शेजारच्या, मूळच्या चिपळूणकडच्या. वय चौसष्ट, आयुष्यातला पहिला विमानप्रवास. आम्ही त्यांना मुंबई विमानतळावर सोडायला गेलो होतो. दोन्ही बॅगांवर ठळक अक्षरांत कव्हर नंबर, म्हणजे हज कमिटीने दिलेला अर्जाचा क्रमांक, रंगवलेला होता, गळ्यात ओळखपत्र, पिशवीत औषधं. आत जाण्याआधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "आणि समजा विमान चुकलं, तर पुढचं मिळतं ना रे?"

मी "मिळतं, मिळतं" म्हटलं. खरं उत्तर तितकं सोपं नव्हतं. हजच्या प्रवासात पुढचं विमान असतं, पण पुढची तारीख नसते. जेद्दाचा विमानतळ समजून घ्यायचा असेल तर खालांच्या या प्रश्नापासून सुरुवात करणं मला सर्वांत सोपं वाटतं.

मक्केला प्रवासी विमानतळ नाही. मक्केकडे जाणारी जगभरची वाट लाल समुद्राच्या काठावरच्या जेद्दा शहरातून जाते, आणि ही व्यवस्था विमानांच्या कितीतरी आधीची आहे. सातव्या शतकात तिसरे खलिफा उस्मान यांनी जेद्दाला मक्केचं बंदर म्हणून निवडलं, तेव्हापासून हे शहर यात्रेकरूंचं दार आहे. आपल्या मुंबईचा या दाराशी जुना संबंध आहे. हिंदुस्थानभरचे यात्रेकरू मुंबईत गोळा व्हायचे, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात मुक्काम करायचे आणि बंदरातून जहाजाने जेद्दाला निघायचे. जहाजाला आठवड्याहून जास्त लागायचं. ही जहाजं १९९५ मध्ये बंद झाली. आता मुंबईहून जेद्दा विमानाने साधारण पाच तासांवर आहे, आणि महाराष्ट्रातून मुंबईखेरीज नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरहूनही हजची विमानं सुटत आली आहेत.

ती विमानं जिथे उतरतात तो किंग अब्दुलअजीज आंतरराष्ट्रीय विमानतळ १९८१ मध्ये सुरू झाला. जेद्दा शहराच्या उत्तरेला, शंभर चौरस किलोमीटरहून मोठ्या जागेवर तो पसरलेला आहे. त्याला तीन समांतर धावपट्ट्या आहेत. २०२४ मध्ये इथून सुमारे ४ कोटी ९० लाख प्रवासी गेले-आले. मुंबईचा आकडाही साधारण त्याच्या आसपासचा, किंबहुना थोडा जास्तच. तेव्हा नुसत्या गर्दीचं या विमानतळाला विशेष नाही. त्याची अडचण वेगळी आहे.

इस्लामी वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, जिल्हेजमध्ये, आठ ते तेरा तारखेदरम्यान हज होतो. त्यातला नऊ तारखेचा दिवस मक्केजवळच्या अराफतच्या मैदानाचा. त्या दिवशी जो अराफतला पोहोचला नाही, त्याचा हज झाला नाही. नंतर भरून काढण्याची सोय नाही. आषाढीला पंढरपूर गाठायचं असतं तसंच हे. पण वारकरी चालत येतो, दिंडीचा नंबर ठरलेला, मुक्काम ठरलेले, आणि पालखी रोज थोडी थोडी पुढे सरकते, त्यामुळे रस्ताच ती गर्दी सांभाळून घेतो. इथे तसा रस्ता नाही. इंडोनेशियाच्या खेड्यातला माणूस, नायजेरियातला, तुर्कस्तानातला आणि आमच्या खाला, सगळे आकाशातून एकाच दाराशी येतात.

थोडा हिशेब मांडून पाहू. २०२५ च्या हजला एकूण सुमारे १६ लाख ७३ हजार यात्रेकरू होते. त्यातले १५ लाखांच्या वर सौदी अरेबियाबाहेरून आले, आणि त्यातले सुमारे १४ लाख ३५ हजार विमानाने. बाहेरच्या देशांची हज विमानं साधारणपणे आदल्या महिन्याच्या, जिल्कादच्या, सुरुवातीपासून येऊ लागतात आणि जिल्हेजच्या पहिल्या काही दिवसांत थांबतात. म्हणजे हाताशी दिवस तेहेतीस-चौतीस. रोजची सरासरी त्रेचाळीस हजारांच्या घरात जाते. चारशे माणसं बसणारी, पूर्ण भरलेली शंभरावर विमानं रोज, आणि तीही नेहमीची सगळी वाहतूक चालू असताना. मदिनेचा विमानतळ यातला मोठा वाटा उचलतो. तरी सरासरी ही फसवी गोष्ट आहे. नोकरीतून रजा मिळणारे, धंदा बंद ठेवून येणारे लोक शेवटच्या आठवड्यातच येऊ पाहतात. आणि हज संपला की सगळ्यांनाच घराची ओढ लागते.

म्हणून कोटा आला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात इस्लामी देशांच्या संघटनेने ठरवलं, की ज्या देशात जितके मुसलमान, त्यांच्या दर दहा लाखांमागे एक हजार जणांना हजला येता येईल. या वाटपातून आणि द्विपक्षीय करारातून भारताच्या वाट्याला अलीकडे १,७५,०२५ जागा येतात. कोटा म्हणजे केवळ सरकारी आकडा, असं आपल्याला वाटतं. पण विमानतळाच्या बाजूने पाहिलं तर तो नळाची तोटी आहे. किती माणसं येणार हे वर्षभर आधी ठाऊक असेल तरच कुठल्या दिवशी किती विमानं उतरवायची, ती कुठे उभी करायची, किती बसगाड्या लागतील, हे ठरवता येतं. प्रत्येक विमानाला उतरण्याची आणि सुटण्याची वेळ आधीच नेमून दिलेली असते. ती चुकली तर विमानाला नुसता उशीर होत नाही, त्याच्या नावाची जागाच दुसऱ्याची होते.

आता तिकिटाचा प्रश्न. हजचं विमानभाडं नेहमीच्या भाड्यापेक्षा इतकं जास्त का, हे गावोगावी विचारलं जातं, आणि विचारणं रास्त आहे, कारण आयुष्यभराची पुंजी यात गेलेली असते. त्याचं एक मोठं कारण असं, की हजची वाहतूक एकतर्फी असते. हजच्या आधीच्या महिन्यात विमान मुंबईहून भरून जातं आणि यात्रेकरू तिथे उतरवून जवळजवळ रिकामं परत येतं. हजनंतर तेच उलट, रिकामं जातं आणि भरून येतं. एका माणसाच्या जाण्या-येण्यासाठी विमान चार फेऱ्या करतं. लग्नाच्या वऱ्हाडाला गाडी ठरवताना रिकाम्या परतीचे पैसेही आपणच देतो, तसंच हे, फक्त साडेतीन हजार किलोमीटरचं. भारतात या भाड्यासाठी सरकारी अनुदान असायचं. ते २०१८ पासून बंद झालं.

या एकतर्फी लोंढ्यावर एक उपाय मला फार आवडतो, कारण तो काहीही न बांधता केलेला आहे. भारताची हज विमानं दोन टप्प्यांत जातात. पहिल्या टप्प्यातली विमानं मदिनेला उतरतात. यात्रेकरू आधी तिथे आठ-नऊ दिवस राहतात, मग रस्त्याने मक्केला येतात, आणि हज करून जेद्दाहून घरी परततात. दुसऱ्या टप्प्यातले लोक जेद्दाला उतरून थेट मक्केला जातात, हज करतात, नंतर मदिनेला जाऊन तिथूनच परत येतात. माणसं गोल फिरतात, त्यामुळे कुणालाही चारशेहून अधिक किलोमीटरचा तोच रस्ता दोनदा कापावा लागत नाही. आणि जेद्दाचा एक विमानतळ एकाच वेळी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. जत्रेत देवळात एका दाराने आत आणि दुसऱ्याने बाहेर, ही आपल्याकडची जुनी युक्ती इथे दोन शहरांमध्ये वापरली आहे.

तुम्ही कुठे उतरणार यावर मुंबईत काय नेसायचं तेही ठरतं. मक्केभोवती काही सीमा ठरलेल्या आहेत, त्यांना मीकात म्हणतात. हज किंवा उमरा, म्हणजे वर्षभरात केव्हाही करता येणारी मक्केची छोटी यात्रा, करणाऱ्याने ती सीमा ओलांडण्याआधी एहरामच्या अवस्थेत यायचं असतं. पुरुषांसाठी म्हणजे न शिवलेली दोन पांढरी वस्त्रं, स्त्रियांसाठी साधे, अंग झाकणारे कपडे. भारतातून जेद्दाला जाणारं विमान उतरण्याआधी, आकाशातच ही सीमा ओलांडतं. त्यामुळे विमानात घोषणा होते, की मीकात जवळ आली आहे, नियत, म्हणजे मनाशी संकल्प, करा. चारशे माणसांनी त्या वेळी विमानाच्या चिंचोळ्या शौचालयात जाऊन कपडे बदलणं अशक्यच, म्हणून जेद्दाला उतरणारे लोक घरूनच किंवा मुंबई विमानतळावर एहराम बांधून घेतात. मदिनेला उतरणाऱ्यांना ही घाई नसते, त्यांची मीकात मदिनेतून मक्केकडे निघताना लागते. खाला दुसऱ्या टप्प्यात होत्या. त्यांच्या रांगेत पुढे एक म्हातारे गृहस्थ एका हाताने खांद्यावरची चादर सावरत, दुसऱ्या हाताने ट्रेमध्ये चपला ठेवत होते. खिसा नाही, त्यामुळे पासपोर्ट दातांत धरलेला. मागच्या तरुणाने न बोलता त्यांचा पासपोर्ट हातात घेतला आणि तपासणी झाल्यावर परत दिला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती म्हणजे जेद्दाचं हज टर्मिनल.

१९७० च्या दशकात नवा विमानतळ आखताना प्रश्न असा होता: वर्षातून काही आठवडेच लाखो माणसं येणार. कागदपत्रं, आरोग्य तपासणी, सामान, बसगाडी, या सगळ्यात उतरल्यावर अठरा तासांपर्यंत आणि परतताना त्याहूनही जास्त थांबावं लागू शकतं, असं तेव्हा गृहीत धरलेलं होतं. बहुतेक माणसं वयस्कर, घरून डबे-बोचकी घेऊन आलेली, पहिल्यांदाच देशाबाहेर पडलेली. बाहेर वाळवंटाचं ऊन. इतक्या माणसांसाठी वातानुकूलित इमारत बांधली तर ती प्रचंड होईल, तिचा वीजखर्च परवडणार नाही, आणि वर्षातला बहुतेक काळ ती रिकामी राहील.

यावर शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेने जे उत्तर काढलं, ते तंबूचं होतं. वास्तुरचनाकार गॉर्डन बनशाफ्ट आणि रचना अभियंते फजलुर रहमान खान. खान हे ढाक्याचे. शिबपूर आणि ढाक्यात शिकले, १९५० च्या दशकात अमेरिकेला गेले, आणि शिकागोतला जॉन हॅनकॉक सेंटर व सिअर्स टॉवर या उंच इमारतींचे सांगाडे त्यांच्या डोक्यातून निघाले. शंभर मजल्यांची इमारत वाऱ्यात कशी उभी ठेवायची हे जगाला दाखवणारा माणूस इथे कापडाकडे वळला. मला ही गोष्ट मनापासून भावते. त्या वाळवंटात माणसं शतकानुशतकं तंबूतच राहत आली, मक्केजवळच्या मिनाच्या मैदानात हाजीही तंबूतच राहतात, आणि ज्याला पोलादात काहीही करता आलं असतं त्याने तीच रीत उचलली.

रचना समजायला सोपी आहे. एक तंबू ४५ मीटर लांब, ४५ मीटर रुंद. एका तंबूखाली जवळजवळ अर्धा एकर जागा येते. असे २१ तंबू एकत्र जोडून एक गट, आणि असे दहा गट: पाच एका बाजूला, पाच दुसऱ्या, मध्ये झाडं लावलेला मोकळा पट्टा. एकूण २१० तंबू. क्षेत्रफळ काढलं तर सव्वाचार लाख चौरस मीटर, म्हणजे १०५ एकर छप्पर. गावाकडचा माणूस एकराच्या भाषेत विचार करतो, म्हणून त्याच भाषेत सांगतो, शंभर एकराच्या शेताला एकच मांडव घातला आहे. सगळं कापड ४५ मीटर उंच पोलादी खांबांवरून, तारांनी ताणून लटकवलेलं आहे. खाली भिंती नाहीत.

कापड साधं नाही. काचेच्या धाग्यांचं विणलेलं आणि त्यावर टेफ्लॉनचा थर, म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतो तोच पदार्थ. धूळ त्यावर फारशी चिकटत नाही, उन्हाने ते कुजत नाही. आणि ते पांढरं आहे. उन्हाळ्यात गच्चीला पांढरा चुना फासल्यावर खालची खोली थोडी सुसह्य होते, हे आपण घरोघरी अनुभवतो. त्याच कारणाने हे कापड उन्हाचा मोठा भाग परत फेकून देतं. थोडा प्रकाश मात्र आत झिरपू देतं, त्यामुळे दिवसा खाली दिवे लावायची फारशी गरज पडत नाही.

दुसरी करामत आकारात आहे. प्रत्येक तंबू मध्यभागी शंकूसारखा वर खेचलेला आहे आणि शेंड्याला पोलादी कडं असून तिथे उघडं तोंड आहे. कडेला कापड जमिनीपासून वीस मीटर उंच, मध्ये तीस मीटरच्या वर. माणसांमुळे, गाड्यांमुळे तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि त्या तोंडातून निघून जाते. तिची जागा घ्यायला उघड्या बाजूंनी हवा आत येते, आणि समुद्र जवळ असल्याने वाराही असतो. कोकणातल्या कौलारू घरात उंच छपरामुळे जे होतं, तेच. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. तंबूखालची हवा बर्फासारखी गार होत नाही. पण उन्हात माणसाला जी काहिली होते, ती बरीचशी थेट अंगावर पडणाऱ्या किरणांमुळे आणि तापलेल्या जमिनीमुळे. सावली आणि हलता वारा मिळाला की त्याच हवेत माणूस तासन् तास बसू शकतो. वातानुकूलन फक्त जिथे अत्यावश्यक आहे, म्हणजे पासपोर्ट आणि कस्टमच्या बंद इमारतींत ठेवलं. एकाच वेळी ऐंशी हजार माणसं सामावतील असा अंदाज धरून हे सारं उभं केलं.

आणि मांडवाखाली काय? स्वच्छतागृहं, वजू करायला, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायला, पाण्याची सोय, बाकडी, दुकानं, बँकेच्या खिडक्या, देशोदेशीचे झेंडे लावलेल्या जागा. लोक गटाने बसतात, चटई टाकतात, नमाज पढतात, डबा उघडतात. विमानतळावर जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाला कुणी उठवत नाही, अशी ही जागा आहे. १९८३ मध्ये या टर्मिनलला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. खान तो पाहायला नव्हते. २७ मार्च १९८२ रोजी, जेद्दातच, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. वय अवघं बावन्न.

चाळीस वर्षांहून अधिक काळ हे छप्पर उभं आहे. तंबूने प्रतीक्षा सुसह्य केली, पण नंतरच्या काळात प्रश्न बदलला: थांबावंच का लागावं? त्यासाठी इतकी प्रतीक्षा होते कुठे ते पाहायला हवं.

पहिला टप्पा आरोग्याचा, आणि त्याला कडू इतिहास आहे. १८६५ मध्ये हजच्या काळात मक्केत पटकी पसरली आणि परतणाऱ्या जहाजांबरोबर ती जगभर गेली. पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला देशोदेशीचे प्रतिनिधी केवळ यासाठी जमले. मग कित्येक दशकं हिंदुस्थानातून जाणाऱ्या जहाजांना लाल समुद्रातल्या कामरान बेटावर अलग ठेवलं जायचं. विमानात हा अवधीच उरत नाही, आजारी माणूस लक्षणं दिसायच्या आधीच पोहोचलेला असतो. १९८७ मध्ये मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाची, साथ हजनंतर अनेक देशांत गेली. २००० मध्ये त्याच रोगाचा वेगळा प्रकार पसरला, आणि त्यानंतर चारही प्रकारांवर चालणारी लस सक्तीची झाली. खालांच्या दंडावर टोचलेली ती हीच. "ताप आला दोन दिवस, पण कार्ड मिळालं," असं त्यांनी अभिमानाने सांगितलं होतं. भारतातून जाणाऱ्यांना पोलिओचे थेंबही घ्यावे लागतात, वय कितीही असो.

दुसरा टप्पा पासपोर्टचा आणि बसचा. इथे यात्रेकरू सुटा माणूस राहत नाही, तो गटाचा होतो. कुठला गट, मक्केत कुठली इमारत, मिनात कुठला तंबू, हे आधीच ठरलेलं असतं आणि त्यानुसार बस ठरते. बस भरली, मोजणी झाली, एकजण कमी निघाला तर सगळे थांबतात. पूर्वापार पद्धत अशी, की बसमध्येच पासपोर्ट गोळा करून सेवा देणाऱ्या संस्थेकडे ठेवतात आणि परतीच्या वेळी विमानतळावर देतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला याचा मोठा धसका बसतो. घरून निघताना मुलाने बजावलेलं असतं, पासपोर्ट कुणाला देऊ नका. म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाला हे आधी समजावून सांगावं असं मला कळकळीने वाटतं. ओळखीसाठी कडं आहे, गळ्यात ओळखपत्र आहे, २०२४ पासून नुसुक नावाचं कार्डही मिळतं.

कार्डाचा मुद्दा किरकोळ नाही. २०२४ च्या जूनमध्ये हजच्या दिवसांत मक्केत पारा पन्नासच्या पुढे गेला आणि १,३०१ माणसं दगावल्याचं सौदी सरकारने जाहीर केलं. त्यातले पाचात चार परवान्याशिवाय आलेले होते. ज्यांचं नाव यादीत नाही त्यांना बस नाही, गार तंबू नाही, रणरणत्या उन्हात मैलोन् मैल चालणं. स्वस्तातला हज म्हणून भेटीच्या व्हिसावर नेणारे दलाल लोकांना नेमकं हेच सांगत नाहीत. विमानतळावरून सुरू होणारी साखळी ज्याच्यासाठी सुरूच झाली नाही, तो पुढे प्रत्येक टप्प्यावर उघडा पडतो.

आणि वेळापत्रकाचा ताण जीव घेऊ शकतो, याची आठवणही जेद्दाच्या धावपट्टीशी जोडलेली आहे. ११ जुलै १९९१ रोजी हाजींना घेऊन नायजेरियाकडे निघालेल्या डीसी-८ विमानाच्या टायरमध्ये हवा कमी होती. देखभाल करणाऱ्यांना ते ठाऊक होतं, पण उशीर नको म्हणून विमान तसंच सोडलं. धावताना टायर फुटले, पेटले, चाकं आत घेतल्यावर आग विमानाच्या पोटात गेली. वैमानिक परत वळले, पण धावपट्टी गाठण्याआधीच विमान कोसळलं. २६१ जण गेले, कुणी वाचलं नाही. हज करून घरी निघालेली माणसं होती ती.

प्रतीक्षा कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग, माझ्या मते, ती जेद्दातून उचलून घराजवळ नेणं हा आहे. मक्का रूट नावाची योजना हेच करते. सौदी अधिकारी मलेशिया, इंडोनेशिया, पाकिस्तान, बांगलादेश, तुर्कस्तान अशा देशांच्या विमानतळांवर जाऊन बसतात, बोटांचे ठसे आणि पासपोर्टचं काम तिथेच उरकतात. यात्रेकरू जेद्दाला किंवा मदिनेला उतरतो तो देशांतर्गत प्रवाशासारखा, थेट बसमध्ये. बॅगा परस्पर मुक्कामाच्या खोलीवर पोहोचतात.

दुसरीकडे मोठी बांधकामंही झाली. नवं टर्मिनल एक २०१८ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालं. ४६ प्रवेशद्वारं, १३६ मीटर उंच नियंत्रण मनोरा, आत मत्स्यालय, आणि हरमैन द्रुतगती रेल्वेचं स्थानक. ही रेल्वे ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाली. साडेचारशे किलोमीटरचा मार्ग, ताशी ३०० किलोमीटर वेग, एका टोकाला मक्का, दुसऱ्या टोकाला मदिना, वाटेत जेद्दा आणि विमानतळ. वर्षभर उमऱ्याला येणाऱ्यांना तिचा मोठा आधार आहे, कारण उमऱ्याला तारखेचं बंधन नाही आणि ते लोक सुटेसुटे येतात. हजच्या गटांचा मुख्य भरवसा मात्र अजून बसवरच.

पुढे काय, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवरही दिसतं. चौकोनात कोपऱ्यात बारीक अक्षरांत मुस्लिम महिना छापलेला असतो, तो दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, कारण चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं. आपण अधिक महिना घालून सण ऋतूंशी जुळवून घेतो. इस्लामी पंचांगात तसं नाही, त्यामुळे हज साधारण तेहेतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरतो. २०२४ चा हज भर जूनमध्ये होता, आता तो मेमध्ये सरकला, पुढे एप्रिल, मार्च, मग थंडी. हाजींना तो दिलासा आहे. विमानतळाला मात्र दरवर्षी नवं कोडं, कारण जगातल्या विमान कंपन्या आपली वेळापत्रकं उन्हाळी आणि हिवाळी अशी सौर वर्षावर आखतात. एखाद्या वर्षी हज शाळांच्या सुट्टीत पडतो, एखाद्या वर्षी नाताळच्या गर्दीत. आणि २०३९ मध्ये तो एकाच इंग्रजी वर्षात दोनदा येणार आहे, जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस.

खाला चाळीस-बेचाळीस दिवसांनी परत आल्या. जमजमचं, म्हणजे मक्केतल्या पवित्र विहिरीचं, पाणी यात्रेकरूंना सामानातून आणू देत नाहीत, ते आधीच विमानाने इथे येऊन पडलेलं असतं आणि मुंबईत उतरल्यावर प्रत्येकाला पाच लिटरचा एक कॅन मिळतो. तो कॅन ट्रॉलीवर सर्वांत वर ठेवून, एका हाताने धरून त्या बाहेर आल्या. जेद्दाचा विमानतळ कसा होता, असं मी गाडीत विचारलं. त्या म्हणाल्या, "मोठा पांढरा मांडव होता रे. रात्रभर बसलो. वारा छान होता." मग पायाशी ठेवलेल्या कॅनचं झाकण घट्ट आहे ना, ते त्यांनी वाकून पाहिलं. कडं अजून हातातच होतं.